नटीचे सोंग आणि नटीचा जबाब



थट्टा आपल्या रंगभूमीला नवी नाही. तमाशाच्या फडात सोंगाड्या राजाची, सरदाराची आणि प्रसंगी समोर बसलेल्या पाटलाचीही फिरकी घेतो. मात्र फडाची एक जुनी रीत आहे. ज्या नाचीची तो थट्टा करतो ती त्याच बोर्डावर उभी असते, तिला तोंड असते आणि ती उलट उत्तर देते. टाळ्या पुष्कळदा त्या उत्तरालाच पडतात. सवाल आला की जबाब आलाच! आजचा प्रश्न एवढाच आहे की, एखाद्या हयात नटीचे सोंग चित्रकाराने रेषांनी उभे केले, आणि ते चित्र पडद्यावर हलू-बोलू लागले, म्हणजे तिच्या जबाबाचे काय होते?

हा प्रश्न अमेरिकेत कोर्टापर्यंत गेला. हेलन केन नावाची एक गायिका-नटी १९२८ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर फार लोकप्रिय झाली. लाडिक, बालिश आवाज आणि गाण्यामध्ये मध्येच पेरलेले ‘बूप-बूप’ असे निरर्थक बोल ही तिची खूण होती. पुढे १९३० साली मॅक्स फ्लायशर यांच्या चित्रशाळेतून ‘बेटी बूप’ हे व्यंगपात्र पडद्यावर आले. प्रारंभी तिला कुत्रीचे लोंबते कान होते. १९३२ पर्यंत त्या कानांची कर्णभूषणे झाली आणि ती पुरती स्त्री झाली. चेहरा केनचा, लकब केनची; आणि बेटीला दीर्घकाळ आवाज देणारी मे क्वेस्टेल ही तर केनची नक्कल करण्याच्या स्पर्धेत पहिली आलेली!

केनने १९३२ साली अडीच लाख डॉलरांचा दावा लावला. तो १९३४ साली चालला आणि ती हरली. बचाव पक्षाने दाखवून दिले की, असे निरर्थक बोल गाण्यात घालण्याची रीत केनचीही नव्हती. बेबी एस्थर नावाची एक कृष्णवर्णी बालगायिका तिच्याआधी तसे गात असे. येथे गोष्टीला विलक्षण पीळ पडतो. जिची नक्कल झाली तीच दुसरीची नक्कल करीत होती असे निघाले, आणि त्या दुसरीच्या पदरात तर काहीच पडले नाही. तिचे नाव आले ते केवळ बचावाचा पुरावा म्हणून. केन १९६६ साली वारली. आज तिचे नाव थोड्यांना ठाऊक आहे, बेटी बूप मात्र जगभर ओळखली जाते. मूळ माणूस विसरला गेला आणि सोंग उरले.

पुढे दूरचित्रवाणी आली आणि ही सोंगे घरोघर गेली. १९६० ते १९६६ या काळात ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही अश्मयुगातील कुटुंबाची व्यंगचित्र-मालिका अमेरिकेत चालली. तीत १९६३ साली ॲन-मार्गरेट या नटीचे ‘ॲन-मार्गरॉक’ असे दगडी बारसे झाले. पण त्या पात्राला आवाज खुद्द ॲन-मार्गरेटनेच दिला. थट्टा तिची खरी, परंतु ती त्या थट्टेत भागीदार होती. याच्या उलट १९९८ साली ‘साउथ पार्क’ या मालिकेने बार्ब्रा स्ट्राइसँड या गायिका-अभिनेत्रीला एक यंत्रराक्षसीण करून दाखविले. तेथे आवाजही दुसऱ्याचाच होता. पहिल्या प्रकारात जबाब सवालातच सामावलेला होता. दुसऱ्यात मात्र सवाल एकतर्फी होता.

आता परदेश सोडून आपल्या जिल्ह्यात येऊ. विरारहून आगगाडीने उत्तरेस पालघर, आणि तेथून पूर्वेस सूर्या नदीकाठी मासवण हे गाव. बाबूराव पटेल हे मूळचे या मासवणचे. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक काढले. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी दिलेली झोंबरी उत्तरे देशभर वाचली जात, आणि त्या लेखणीने नट-नट्यांपैकी फारसे कोणी सुटले नाही. येथे हलती चित्रे नव्हती, पण शब्दांनी काढलेली व्यंगचित्रे होती. आणि जिच्याविषयी लिहिले तिला त्याच पानावर जागा क्वचितच असे. ‘कुंकू’ (१९३७) मधील शांता आपटे यांनी संतापून पटेलांच्या कचेरीत जाऊन त्यांच्यावर छडी उगारली, ही हकीकत सिनेसृष्टीत आजवर सांगितली जाते. बोर्ड नाकारला गेला म्हणजे जबाब असा हातघाईवर येतो.

परंतु शांताबाईंचा खरा जबाब छडीचा नव्हे. १९३९ साली त्यांनी करारावरून प्रभात कंपनीच्या दाराशी उपोषण केले, आणि १९४० साली ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहून सिनेधंद्याचे अंतरंग स्वतःच्या शब्दांत मांडले. पुढे हंसा वाडकर यांनी ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन दिले. ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट त्यावरून निघाला. दुसऱ्याने त्यांना पडद्यावर उभे केले खरे, पण त्यांचे स्वतःचे बोलणे आधी छापले गेले होते.

आपल्याकडील न्यायालयांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. दलेर मेहंदी यांच्या नावावर गाणाऱ्या बाहुल्या विकल्या जात होत्या. त्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली दाद दिली, परंतु व्यंगचित्र आणि विडंबन हे अशा हक्काचा भंग मानता येणार नाहीत, असेही बजावले. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची यंत्राने हुबेहूब प्रतिकृती करण्यास मनाई केली. हे दोन्ही निर्णय परस्परविरोधी नाहीत. सोंग हे सोंग आहे असे पाहणाऱ्याला कळते. प्रतिकृती मूळ म्हणूनच खपविली जाते. पहिल्याने हसू येते, दुसऱ्याने फसगत होते.

आज ही विद्या चित्रशाळेपुरती उरलेली नाही. फुलपाड्याचा एखादा शाळकरी मुलगाही हातातल्या फोनवर नटीचेच काय, वर्गातल्या मुलीचेही हलते-बोलते सोंग घटकाभरात तयार करू शकतो. म्हणून त्याला दोन गोष्टी विचारण्याची सवय लावली पाहिजे. हे सोंग आहे हे पाहणाऱ्याला उघड दिसते काय? आणि जिचे सोंग काढले, तिला त्याच चव्हाट्यावर उत्तर देता येईल काय? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा कायदा देईल. दुसऱ्याचे मात्र प्रेक्षकांनीच द्यावयाचे आहे. कारण फडात नाचीच्या जबाबाला टाळी देणारेही प्रेक्षकच होते.