अग्निशस्त्राची विश्वासार्हता-चाचणी

स्वसंरक्षणासाठी बाळगलेले पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर ऐनवेळी दगा देणार नाही, याची आधीच करून घेतलेली खातरजमा. कारखान्यातील प्रूफ चाचणीत जादा दाबाचे काडतूस उडवून नळीची मजबुती पाहतात. शस्त्र दरवेळी चालेल, याची हमी त्यातून मिळत नाही. त्यासाठी नेहमीच्या वापरातलीच काडतुसे झाडावी लागतात. पिस्तुलात मॅगझिनमधली गोळी नीट चढते का, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते का, हे मुख्यतः तपासतात. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसके निघाले तरी पुन्हा चाप ओढताच फिरत्या चक्रातले पुढचे घर समोर येते, म्हणून अनेकांचा त्यावर भरवसा. फुसके काडतूस मात्र उशिराही उडू शकते. नळी सुरक्षित दिशेला रोखून थोडे थांबणे आवश्यक.

छत्रपती संभाजीनगर शहरात शस्त्रपरवाना पोलीस आयुक्त, तर ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी देतात. काडतुसांची खरेदी परवान्यावरील मर्यादेतच होत असल्याने चाचणीसाठी शेकडो फैरी झाडण्याचा परदेशी पुस्तकांतला सल्ला येथे बहुधा कागदावरच राहतो. सराव अधिकृत नेमबाजी केंद्रावरच करणे इष्ट. इतरांच्या जीविताला धोका होईल असा निष्काळजी गोळीबार केल्यास, शस्त्र कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार, 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.