साहेबाची मंडई, आपला पत्रा

आमच्या घरात मंडईच्या गोष्टी आंब्यापासून सुरू व्हायच्या. आईचे वडील रत्नागिरीकडचे. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला आले, क्रॉफर्ड मार्केटात एका फळांच्या दलालाकडे मेहता म्हणून चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. नावाला हिशेबनीस, पण आवक उतरवून घेण्यापासून बागायतदाराला विक्रीच्या हिशेबाची पट्टी लिहून पाठवण्यापर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. हंगामात बोटीनं भाऊच्या धक्क्यावर आलेल्या पेट्या रात्रीतून मंडईत पोचायच्या आणि शहर जागं होईपर्यंत निम्मे सौदे उरकलेले असायचे.

सौदा कसा होई ते आजोबा करून दाखवत. माझा हात धरून वर पंचा टाकायचे आणि आतल्या आत बोटं दाबायचे. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभे, हातांवर रुमाल, आणि भाव फक्त त्या दोन हातांना ठाऊक. शेजारी उभ्या असलेल्या बागायतदाराला आपला माल कितीला गेला याचा पत्ता नसे. लहानपणी मला यात मोठी जादू वाटे. पुढे वाटायला लागलं की बागायतदाराला ही जादू जरा महागच पडत असणार. एकदा तसं बोलून दाखवलं, तर आजोबा हसले. म्हणाले, “अगो, पट्टी लिहिणारा मीच होतो ना!” याहून जास्त काही बोलले नाहीत.

मंडईविषयी त्यांचं पालुपद एकच होतं: साहेबानं चार वर्षांत उभी केली, आणि आपल्याला चाळीस वर्षांत साधी मोरी दुरुस्त करता येत नाही. हे वाक्य मी इतक्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, की ते मंडईच्या दगडावर कोरलेलं असावं अशी शंका येते. आत्या म्हणायची, आमच्या चाळीचे मालक म्हणायचे. मंडईचं नूतनीकरण पुन्हा लांबल्याची बातमी आली की हल्ली माझ्या पिढीतलेही म्हणू लागलेत.

चार वर्षांचा हिशेब तसा खरा आहे. आर्थर क्रॉफर्ड १८६५मध्ये मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला आणि १८६९मध्ये मंडई उभी राहिली. आराखडा विल्यम इमर्सनचा. हाच पुढे कलकत्त्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलचा वास्तुकार. दगड कुर्ल्याचा, त्यात वसईच्या तांबूस दगडाचे पट्टे, आणि पायाखालच्या फरश्या थेट स्कॉटलंडमधल्या केथनेसहून आणलेल्या. प्रवेशद्वारावरची शेतकऱ्यांची उठावशिल्पं जॉन लॉकवूड किपलिंगची. तो जवळच्याच जेजे कलाशाळेत शिकवायचा, आणि त्याचा मुलगा रुडयार्ड त्याच आवारात जन्मला. आतलं कारंजंही त्याच मंडळींच्या हातचं. आजोबांना मात्र ते कारंजं म्हणून कधी दिसलंच नाही. त्यांच्या लेखी ती रिकाम्या पेट्या रचायची जागा होती आणि वर दरवर्षी कुणीतरी रंगाचा हात मारून जायचं. १८८२मध्ये मंडईत विजेचे दिवे लागले. देशात विजेनं उजळलेली ही पहिली इमारत असं सांगतात. आजोबा ही गोष्ट अशा थाटात सांगत, जणू बटण त्यांनीच दाबलं होतं.

पण म्हाताऱ्यांच्या या गोष्टीत पुढचा भाग येत नाही. साहेबानं चार वर्षांत मंडई बांधली, कारण त्याला विचारणारं कुणी नव्हतं. कापसाची तेजी १८६५मध्ये कोसळली होती, पेढ्या बुडाल्या होत्या, आणि क्रॉफर्ड रस्ते, गटारं, मंडई यांवर सढळ हातानं पैसा ओतत होता. बिल घरपट्टीवाल्यांच्या नावावर. १८७१पर्यंत करदात्यांचा संताप इतका वाढला की क्रॉफर्डला जावं लागलं. त्या गदारोळात फिरोजशहा मेहता नावाचा सव्वीस वर्षांचा बॅरिस्टर उभा राहिला आणि म्हणाला, दोष एकट्या माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे; कारभारी समर्थच हवा, पण त्याला जाब विचारणारी, लोकांनी निवडलेली सभाही हवी. तेव्हा हे फारसं कुणाला रुचलं नाही. तरी १८७२चा कायदा आला आणि चौसष्ट सभासदांच्या नव्या महापालिकेत निम्मे करदात्यांनी निवडून दिलेले असतील असं ठरलं. या शहराला मताचा हक्क मिळाला त्यामागे जी खदखद होती, तिच्यात या मंडईच्या खर्चाचाही वाटा आहे. मला वाटतं, दारावरच्या शिल्पांपेक्षा ही गोष्ट जास्त मोलाची, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

क्रॉफर्डची पुढची कहाणी तर आणखी रंगतदार. पुण्यात कमिशनर असताना लाच घेतल्याच्या आरोपावरून १८८८मध्ये त्याची चौकशी झाली. लाच दिल्याचं कबूल करणाऱ्या मामलेदारांच्या बाजूनं टिळक उभे राहिले. लाचेतून साहेब सुटला, पण नोकरी गेली. म्हातारपणी त्यानं कोकणातल्या दंतकथांचं पुस्तक लिहिलं. म्हणजे आमच्या आजोबांच्या मुलखातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी गोळा करण्यात त्याचेही दिवस गेले.

आणि नाव? क्रॉफर्डचं काढून मंडईला महात्मा जोतीराव फुल्यांचं दिलं. फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना तिथं नवी मंडई बांधायची टूम निघाली. फुल्यांनी विरोध केला: एवढा पैसा इमारतीवर घालवण्यापेक्षा शिक्षणावर खर्च करा. ऐकलं नाही कुणी. १८८६मध्ये मंडई झाली, तिला गव्हर्नर रे यांचं नाव पडलं आणि पुढे अत्रे नगरपालिकेत असताना तीच महात्मा फुले मंडई झाली. मंडईच्या खर्चाला ज्यानं विरोध केला त्याच्या नावानं राज्यात दोन मोठ्या मंडया उभ्या आहेत. फुले असते तर त्यांनी यावर एक सणसणीत अखंड रचला असता.

आजोबांच्या मंडईचा शेवट १९९६मध्ये झाला. फळांचा घाऊक बाजार वाशीला गेला. जायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सीएसएमटीच्या तोंडाशी रोज पहाटे ट्रकांची रांग लावून शहर चालत नाही. पण बाजार नेताना मागे काय उरणार याचा विचार कुणी केलेला दिसला नाही. घाऊक व्यापारी गेले, त्यांच्याबरोबर हमाल गेले, पेट्या ठोकणारे गेले, गवत विकणारे गेले, पहाटेचा चहावाला गेला. राहिले ते किरकोळ गाळेवाले, सुका मेवा, परदेशी चॉकलेटं, मागच्या अंगाचे पिंजऱ्यातले पोपट आणि दक्षिण मुंबईतली भली मोठी जागा. २००२मध्ये जेजे उड्डाणपूल झाला आणि पुढे जाणाऱ्या गाड्या मंडईच्या वळणावर थांबेनाशा झाल्या. मोकळी जागा दिसली की या शहरात नकाशे निघतातच. या शतकाच्या पहिल्या दशकात खासगी बिल्डरकडून सगळा परिसर नव्यानं बांधून घ्यायचा घाट घातला गेला, आणि वारसाप्रेमी, नागरिक, राजकारणी यांनी इतका आरडाओरडा केला की तो बारगळला.

इथे मला म्हाताऱ्यांशी भांडावंसं वाटतं. रखडणं दर वेळी वाईटच असतं असं नाही. तेव्हा काम झटपट झालं असतं, तर आज किपलिंगचे शेतकरी एखाद्या मॉलच्या सरकत्या जिन्याशेजारी शोभेला लागले असते. त्या वेळी लोकांनी हाणून पाडलं ते बरं केलं. पण त्यानंतर पालिकेनं स्वतः हाती घेतलेलं काम, टप्प्याटप्प्यानं करायचं, मूळ वास्तूला धक्का न लावता करायचं, हे सर्वांना पटलेलं काम. त्यातली जुनी वास्तू दुरुस्त झाली आणि छान झाली. दगडावरची काजळी गेली, कारंज्यानं श्वास घेतला. मागच्या बाजूच्या नव्या बांधकामाच्या मुदती मात्र सरकत राहिल्या. करोना आला, ते एक निमित्त झालं. आधी वेगळी होती, नंतर वेगळी.

आणि रखडण्याची किंमत केवळ गैरसोयीत मोजता येत नाही. सप्टेंबर २०१३मध्ये डॉकयार्ड रोडला बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली, ६१ माणसं गेली. वर राहणारी कुटुंबं पालिकेच्या बाजार खात्यातल्याच कर्मचाऱ्यांची होती. इमारत ब्रिटिशांच्या काळातली नव्हे, जेमतेम तेहेतीस वर्षांची. ‘साहेबाचं टिकतं, आपलं पडतं’ म्हणणाऱ्यांना हा पुरावा वाटतो. मला दिसतं ते इतकंच की साहेबाच्या भिंतीची काळजी घ्यायला वारसा वास्तूंची एक यादी आहे, समिती आहे, वर्तमानपत्रं आहेत. साध्या मंडईच्या भिंतीला तडा गेला तर तो बघायला बाजार खात्यातला माणूस, आणि तो तिच्याच वरच्या मजल्यावर राहतो.

मंडईत मी अजून जाते. ओतूरकडचा एक गाळेवाला आहे, वडिलांपासूनचा धंदा. जुन्या वास्तूचं छप्पर उंच, वरून वारा खेळतो, उकाड्यातही फळ दम धरतं. त्याचा गाळा मात्र हंगामी म्हणून टाकलेल्या पत्र्याखाली आहे. मेच्या दुपारी तिथं उभं राहिलं की पत्र्याची धग टाळूवर येते. “ताई, चार दिवस टिकणारा चिकू दोन दिवसांत उतरतो,” म्हणाला, आणि तळाची पाटी ओढून दाखवली. वरची फळं टणक, खालची पाण्यासारखी मऊ. ती तो संध्याकाळी ज्यूसवाल्याला देतो, मिळेल त्या भावात. चौरस फुटांचे, पार्किंगचे आकडे सगळीकडे छापून येतात. हा उतरलेला चिकू कुठल्या रकान्यात धरायचा ते त्यांत नसतं.

त्याच्याकडे नव्या इमारतीच्या नकाशाचा फोटो मोबाइलवर आहे. दोन बोटांनी मोठा करून तो मला एक वळण दाखवत होता. “इथून हमाल पाटी घेऊन वळणार कसा? समोरून गिऱ्हाईक आलं तर?” प्रश्न रास्त होता. मी विचारलं, हे कुणाला सांगितलं का? सांगणार कुणाला, म्हणाला. मार्च २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते. प्रशासक सगळं बघत होते. क्रॉफर्डसाहेबाच्या वेळी होतं तसंच, फक्त या खेपेला चार वर्षांत मंडई झाली नाही. पूर्वी गाळेवाले घोळक्यानं नगरसेवकाच्या दारात जायचे, आवाज चढवायचे, तोही चढवायचा, आणि निदान कुणीतरी माणूस येऊन टेप लावून जायचा. त्या काळात ओरडायलाही पत्ता नव्हता. एका साहेबाकडे गेलं की तो दुसऱ्याकडे बोट दाखवी, दुसऱ्याची तोवर बदली झालेली असे.

मग यानं हमालाच्या वळणाचा प्रश्न लेखी दिला. तीन प्रती काढल्या होत्या. एक दिली. दुसरीवर पोच घेतली, ती गल्ल्यात, नोटांच्या खाली. तिसरी तशीच ठेवली होती, येईल त्या नगरसेवकासाठी. फक्त तारीख घालायची बाकी, म्हणाला, आणि माझे चिकू वरच्या पाटीतले निवडायला लागला.