चालत्या यंत्रातील जोड: कोपरखैरणे आणि हॉट-प्लगिंगचा इतिहास

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कोपरखैरण्याचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास बऱ्याच अंशी न थांबणाऱ्या यंत्रांचा इतिहास आहे. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर ठाण्याच्या खाडीपलीकडे उभ्या राहिलेल्या औद्योगिक पट्ट्यात रासायनिक कारखान्यांचा भरणा मोठा होता. १९७० साली सिडको आली आणि आगरी-कोळ्यांच्या गावठाणाभोवती नियोजित शहराचे सेक्टर आखले गेले. पुढे नव्या शतकाच्या आरंभी रिलायन्स इन्फोकॉमने येथे धीरूभाई अंबानी नॉलेज सिटी वसवली, तेव्हा रसायनांच्या शेजारी डेटा सेंटर आले. अखंड चालणाऱ्या रासायनिक प्रक्रियेतला पंप बिघडला तर कारखाना बंद करीत नाहीत. जोडीचा राखीव पंप सुरू करून, बिघडलेल्या पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह मिटून, आतला द्रव काढून घेतल्यावरच त्याचे बोल्ट सैल केले जातात. डेटा सेंटरमध्येही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो: ग्राहकाचा संगणक न थांबवता त्याला नवी डिस्क किंवा नेटवर्क कार्ड कसे जोडायचे, आणि त्याहून बिकट म्हणजे, जोडलेले कसे काढायचे? या सोयीला हॉट-प्लगिंग म्हणतात.

१९९२ साली आलेल्या पीसीआय या जोडणी-पद्धतीत कार्ड बसवण्यासाठी संगणक बंद करावा लागे. १९९६ साली यूएसबीने घरगुती वापरकर्त्याला चालू संगणकात उपकरण खुपसण्याची मुभा दिली, तर १९९७ च्या सुमारास मोठ्या सर्व्हरसाठी पीसीआय हॉट-प्लगचे लेखी नियम तयार झाले. त्यांत प्रत्येक खाचेचा वीजपुरवठा स्वतंत्रपणे तोडण्याची व्यवस्था होती. नियमांची गरज विजेपुरतीच नव्हती. कार्ड अचानक उपसले की त्याच्याकडून माहिती वाचू पाहणाऱ्या प्रणालीच्या हाती सगळे बिट ‘एक’ असलेली निरर्थक संख्या पडते, आणि तीच खरी समजून ती पुढे काम करू लागते. नंतरच्या पीसीआय एक्स्प्रेसमध्ये तर खाचेजवळ दिवा आणि बटण ठेवण्याची तरतूद झाली. बटण दाबल्यावर दिवा पाच सेकंद लुकलुकतो आणि तेवढ्या वेळात पुन्हा बटण दाबून विचार बदलता येतो.

एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवण्याची कल्पना आयबीएमने १९७२ साली व्हीएम/३७० या प्रणालीद्वारे बाजारात आणली. पुढे फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ साली क्यूएमयू हा संपूर्ण संगणकाची हुबेहूब नक्कल, म्हणजे एम्युलेशन, करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला, आणि २००७ साली लिनक्समध्ये केव्हीएम सामील झाल्यावर या नकलेला प्रोसेसरचा वेग मिळाला. आभासी यंत्रात खाच नसते, तार नसते, ठिणगीही पडत नाही. म्हणून हॉट-प्लगिंग तेथे सहजसाध्य असावे असे वाटते. परंतु आतली पाहुणी प्रणाली आपण १९९६ सालच्या इंटेल ४४०एफएक्स धाटणीच्या बोर्डावर चालत आहोत असेच धरून चालते, त्यामुळे नक्कल करणाऱ्याला उपकरणाबरोबर त्याच्या येण्याजाण्याचे रीतिरिवाजही हुबेहूब वठवावे लागतात.

क्यूएमयूमध्ये हे रीतिरिवाज २००९ च्या सुमारास रुजू लागले. व्यवस्थापकाने नवे कार्ड जोडण्याची आज्ञा दिली की यजमान कार्यक्रम ते उपकरण आभासी खाचेत बसवतो, त्या खाचेच्या नावाचा एक बिट एका ठरलेल्या पत्त्यावर उंचावतो आणि पाहुण्या प्रणालीला व्यत्यय-संदेश, म्हणजे इंटरप्ट, पाठवतो. यंत्राची घडण आणि वीज यांची माहिती प्रणालीला पुरवणाऱ्या एसीपीआय या १९९६ च्या मानकानुसार पाहुणी प्रणाली तो बिट वाचते, खाच तपासते, नव्या उपकरणाला पत्ते नेमून देते आणि त्याचा ड्रायव्हर चढवते.

काढताना मात्र यजमानाला हुकूम सोडता येत नाही, विनंतीच करावी लागते. पाहुण्या प्रणालीने ड्रायव्हर उतरवून, आपला ताबा सोडल्याची खूण म्हणून निष्कासनाच्या पत्त्यावर बिट लिहिल्यावरच उपकरण खरोखर नाहीसे होते. ती अद्याप सुरू होत असेल किंवा डिस्क वापरात असेल तर विनंती तशीच पडून राहते. आज्ञा स्वीकारली गेली म्हणजे उपकरण निघाले असा समज यजमानाकडील साधनांचा होऊ नये, यासाठी २०१३ साली क्यूएमयूने उपकरण निघाल्याची स्वतंत्र वर्दी देण्यास सुरुवात केली. पीसीआय एक्स्प्रेसवर बेतलेल्या क्यू३५ या नव्या बोर्डाच्या नकलेत आधी दिवा आणि बटण यांचीही नक्कल होत असे, पण २०२१ साली ६.१ या आवृत्तीत तेथेही एसीपीआयची जुनी वाट मूलभूत निवड ठरली. ज्या खाचेजवळ माणूसच उभा नाही, तिथल्या बटणावर बोट ठेवल्याचे नाटक जपण्यापेक्षा बिटांची थेट देवाणघेवाण अधिक भरवशाची मानली गेली.

या क्रमाने पाहता अवघड काम बसवण्याचे नसून सोडवण्याचे आहे. वर्दी येण्याआधीच डिस्कची फाइल दुसऱ्या आभासी यंत्राला दिली तर दोन प्रणाली एकाच जागी लिहू लागतात आणि मजकुराची नासाडी होते. म्हणून डेटा सेंटरमधला जाणता व्यवस्थापक वर्दीसाठी थांबतो, जसा खाडीकाठच्या कारखान्यातला फिटर पंप पूर्ण रिकामा झाल्याची खात्री होईपर्यंत पान्याला हात लावीत नाही.