मोटार आपली, माहिती कोणाची?

पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून सातारा रस्त्याला लागलेली मोटार खेड-शिवापूरचा टोलनाका पार करते. पुढे ती चेलाडी फाट्यावर वळून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडे, म्हणजेच आताच्या राजगड तालुक्याकडे जाते किंवा कापूरहोळहून भोरचा रस्ता धरते. राजगड-तोरण्याची भटकंती करून अथवा भाटघरच्या जलाशयाकाठी दिवस घालवून कुटुंब रात्री घरी परतते. या सहलीच्या आठवणी कुटुंबाकडे राहतात, तशीच तिची नोंद अन्यत्रही उरते. टोलनाक्यावर फास्टॅग वाचला गेलेला असतो. मोटार नव्या पद्धतीची असेल, तर ती कोणत्या मार्गाने गेली, कोठे थांबली आणि कोणत्या वळणावर करकचून ब्रेक लागला, हेही नोंदले जाण्याची शक्यता असते.

मोटारीचे असे संगणकीकरण झाल्यामुळे दोन प्रश्न उभे राहिले आहेत. परका माणूस दूर बसून मोटारीचा ताबा घेऊ शकेल का? आणि मोटारीने गोळा केलेली माहिती नेमकी कोणाच्या हाती जाते?

चालकविरहित मोटार अद्याप दूर

मोटारीच्या स्वयंचलनाच्या शून्य ते पाच अशा सहा पायऱ्या मानल्या जातात. पाचव्या पायरीवर चालकाची गरजच उरत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रगत मोटारी साधारणपणे दुसऱ्या पायरीवर आहेत. पुणे जिल्ह्यातील चाकणच्या कारखान्यातून २०२१ मध्ये बाहेर पडलेल्या महिंद्र एक्सयूव्ही ७०० मध्ये अशी यंत्रणा होती. ही यंत्रणा पुढच्या वाहनापासून अंतर राखते, मार्गिका सोडू देत नाही आणि प्रसंगी आपणहून ब्रेक लावते. मात्र जबाबदारी सर्वस्वी चालकाचीच असते.

कॅमेऱ्याला मार्गिका ओळखण्यासाठी रस्त्यावर ठळक पांढरे पट्टे लागतात. पावसाळ्यातील दाट धुके, नागमोडी वळणे आणि रस्त्यात बसलेली गुरे असलेल्या वरंधा घाटासारख्या ठिकाणी या यंत्रणेच्या मर्यादा लगेच उघड होतात. शिवाय चालकांचे रोजगार जातील, या कारणास्तव चालकविरहित मोटारींना भारतात परवानगी देणार नाही, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले होते. त्यामुळे भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर आजची चिंता चालक नसलेल्या मोटारीची नाही. चालकाची नोंद ठेवणाऱ्या मोटारीची आहे.

विश्वासावर चालणारे जाळे

आधुनिक मोटारीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, दरवाजे अशा प्रत्येक कामासाठी छोटे संगणक असतात. ते एकमेकांशी ‘कॅन’ नावाच्या जाळ्यातून बोलतात. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये ते जगासमोर आणले. तेव्हा मोटारीला इंटरनेट नव्हते. परिणामी आलेला संदेश खरोखर कोणी पाठवला, हे तपासण्याची सोय या जाळ्यात ठेवली गेली नाही.

याचे परिणाम २०१५ मध्ये दिसले. चार्ली मिलर आणि ख्रिस वालासेक या संशोधकांनी अमेरिकेतील महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीच्या करमणूक यंत्रणेत मोबाईल जाळ्यातून शिरकाव केला आणि मोटारीचा वेग तोडून दाखवला. आत बसलेल्या पत्रकाराला या प्रयोगाची कल्पना होती, तरीही तो हतबल झाला. त्यानंतर कंपनीला सुमारे १४ लाख वाहने दुरुस्तीसाठी परत मागवावी लागली. २०२४ मध्ये किया कंपनीच्या संकेतस्थळातील त्रुटीमुळे अमेरिकेतील मोटारींचे दरवाजे केवळ नंबरप्लेटवरील क्रमांकाच्या आधारे उघडता येतात, असे संशोधकांनी दाखवून दिले. ही त्रुटी नंतर दूर करण्यात आली.

खासगीपणाचा बाजार

चोरापेक्षाही सर्वदूर पसरलेला धोका माहितीच्या व्यवहाराचा आहे. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ मोटार ब्रँडची खासगीपणाची धोरणे तपासली. त्यातील एकही कसोटीला उतरला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विजेवरील मोटारींची माहिती इंटरनेटवर असुरक्षित पडून असल्याचे जर्मनीत उघड झाले. त्यांपैकी सुमारे ४ लाख ६० हजार मोटारी कोठे उभ्या होत्या, हे अचूक कळत होते. मोटार रोज रात्री कोठे उभी राहते हे समजले की घर समजते. ती दर आठवड्याला कोणत्या रुग्णालयासमोर थांबते हे समजले की आजारपणही समजते.

अमेरिकेत जनरल मोटर्सने चालकांच्या वाहन चालविण्याच्या सवयींची माहिती पुरवल्याचे आणि ती विमा कंपन्यांपर्यंत पोहोचल्याचे २०२४ मध्ये प्रकाशात आले. ग्राहकांना त्याची स्पष्ट कल्पना नव्हती. विम्याचा हप्ता का वाढला, याचा उलगडा काहींना तेव्हा झाला.

दरीतले वाहन कसे सापडेल?

असे असले तरी मोटारीने ठावठिकाणा नोंदवूच नये, असे म्हणणे सोपे नाही. नीरा-देवघर जलाशयाच्या कडेने महाडकडे जाणाऱ्या वरंधा घाटात रात्री एखादी मोटार दरीत कोसळली आणि आतील कोणी शुद्धीवर नसेल, तर तिचा ठावठिकाणा हाच जीव वाचवणारा दुवा ठरतो.

युरोपीय संघाने यावर तोडगा काढला आहे. तेथे ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या मोटारींना ‘ई-कॉल’ यंत्रणा बंधनकारक आहे. अपघात होताच ती आपणहून ११२ क्रमांकावर संपर्क साधते आणि जागा, वेळ व दिशा कळवते. एरवी मात्र मोटारीचा सतत माग काढण्यास या यंत्रणेला मनाई आहे. जुने ठावठिकाणे ती पुसत राहते. जीव वाचवण्यासाठी माणसाच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागत नाही, हे यातून स्पष्ट होते. अर्थात मोबाईलचे जाळे नसलेल्या खोऱ्यात ही यंत्रणाही मुकी होते.

भारतात सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी एआयएस-१४० हे मानक आहे. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या अशा नव्या वाहनांत ठावठिकाणा सांगणारे उपकरण आणि संकटकाळी दाबायचे बटण बंधनकारक झाले. रिक्षांना त्यातून वगळण्यात आले. जाळे नसेल तेव्हा किमान ४० हजार नोंदी साठवून ठेवण्याची क्षमता या उपकरणात असावी लागते. म्हणजे खोऱ्यात मोबाईल बंद पडला, तरी वाहनाची नोंद थांबत नाही. जाळ्यात परतताच ती पुढे पाठवली जाते. महिलांच्या सुरक्षिततेसाठी ही सोय मोलाची आहे. मात्र या नोंदी कोण पाहणार आणि किती दिवस ठेवणार, याचे उत्तर प्रवाशाला ठाऊक नसते.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जारी झाले, परंतु कंपन्यांवरील प्रमुख बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. संमती घेणे, उद्देश सांगणे आणि मागणी केल्यास माहिती पुसणे यांचा त्यात समावेश आहे. सरकारी यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. मोटारींच्या सायबर सुरक्षेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या १५५ क्रमांकाच्या नियमावलीच्या धर्तीवर एआयएस-१८९ हे मानक आखण्यात आले आहे. अशा मानकांच्या कामात पुण्यातील एआरएआय या संस्थेचा मोठा वाटा असतो.

वाहनधारकांनी काय करावे?

- मोटार घेताना कंपनीचे ॲप कोणती माहिती घेते हे विचारावे आणि अनावश्यक परवानग्या बंद कराव्यात.
- मोटार विकण्यापूर्वी तिच्यातील फोन क्रमांक, घराचा पत्ता आणि जुने मार्ग पुसून टाकावेत.
- जुनी मोटार विकत घेतल्यास आधीच्या मालकाचे ॲप खाते रद्द झाल्याची खात्री कंपनीच्या सेवा केंद्रातून करून घ्यावी. अन्यथा पुण्यात वापरलेली मोटार भोरला विकली गेल्यावरही जुन्या मालकाला ती कोठे आहे हे दिसू शकते आणि काही वेळा तिचे दरवाजेही उघडता येतात.
- भाड्याच्या मोटारीला आपला फोन जोडल्यास परत करताना त्याची नोंद काढावी.
- स्टिअरिंगखालील तपासणी जोडणीत अनोळखी उपकरण लावू देऊ नये.
- कंपनीकडून येणारी सॉफ्टवेअर दुरुस्ती टाळू नये. त्रुटी बुजवण्याचा तोच प्रमुख मार्ग असतो.

मोटार घेताना मायलेज, किंमत आणि एअरबॅगची संख्या आवर्जून विचारली जाते. ही मोटार काय नोंदवते आणि ते कोणाला सांगते, हा प्रश्नही आता त्याच यादीत आला पाहिजे.