मोटारीतील बुजविलेली भोके

दिल्लीहून जयपूरच्या रस्त्यास लागले आणि गुडगाव मागे पडले की मानेसर येते. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांस हे गाव सरकारी कामानिमित्त ठाऊक असावयाचे. कोणास राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या तळावर जावे लागते, तर कोणास मोटारींची परीक्षा घेणाऱ्या संस्थेत. २००७ साली येथे मारुतीचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून तर मानेसर आणि नवी मोटार हे समीकरणच झाले आहे. अशा गावी गेल्या पौषात आम्ही दोन दिवस घालविले ते मात्र साठी उलटलेल्या एका मोटारीपुढे.

आमचे एक स्नेही मूळचे नाशिककडील. केंद्र सरकारच्या चाकरीत हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते येथेच स्थिरावले. त्यांनी मुंबईहून एक जुनी दोन आसनी एम.जी.ए. आणविली. एंजिन व बैठक यांच्यामध्ये पत्र्याची जी पडदी असते, तिच्यात हीटरसाठी ठेवलेली भोके या गाडीत होती. हीटर मात्र कधी बसविलेलाच नव्हता. पूर्वीच्या कोणा मालकाने त्या भोकांत गोणपाट कोंबून वरून डांबर फासले होते. मिस्त्रीने ते एका दृष्टिक्षेपात पाहिले आणि निकाल दिला, "साहब, वेल्डिंग मार देते हैं।" आम्हांसही प्रथम तेच बरे वाटले. पण स्नेही तयार होईनात, आणि आम्ही या भोकांच्या इतिहासात शिरलो.

ज्या देशात वर्षातील निम्मे दिवस थंडीचे, तेथे तयार झालेल्या गाडीस हीटर नसावा हे चमत्कारिक खरेच. परंतु त्या काळी इंग्लंडात हीटर ही गाडीची अंगभूत वस्तू नव्हती, वरकड होती. गिऱ्हाइकाने मागितला आणि निराळे पैसे मोजले, तरच तो बसवीत. युद्धापूर्वीच्या मोटारवाल्यास लोकरीचा कोट व पायांवर कांबळे पुरे वाटत असे. १९४५ ते १९४९ या काळात निघालेल्या एम.जी. टी.सी. या गाडीत तर हीटरची सोयच नव्हती. पुढे परिस्थिती पालटली. युद्धाने ब्रिटनची तिजोरी रिकामी केली होती. १९४५ सालीच व्यापारमंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स (आपल्याकडे १९४२ च्या योजनेमुळे परिचित असलेले तेच हे गृहस्थ) यांनी मोटारवाल्यांस बजावले की, निम्मा माल परदेशी गेलाच पाहिजे. पुढे पोलादाचा वाटाही निर्यातीच्या मानाने मिळू लागला. ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५५ ते १९६२ या काळात एम.जी.ए. गाड्या एक लाखाहून अधिक बनल्या. त्यांतील जेमतेम सहा हजार ब्रिटनमध्ये राहिल्या. बहुतेक अमेरिकेस गेल्या, बाकीच्या जगभर पांगल्या. गिऱ्हाईक थंड मुलुखातलेही आणि उष्ण मुलुखातलेही. तेव्हा पडदी सर्वांस एकच ठोकावी, हीटर हवा त्यास हीटर बसवावा, नको त्याच्या भोकावर पत्र्याचे झाकण स्क्रूने घट्ट करावे, असा हिशेबी मार्ग कारखान्याने काढला.

म्हणजे हे भोक कारागिराची चूक नव्हे. ही गाडी कोणत्या हवेच्या गिऱ्हाइकासाठी बाहेर पडली, याचा तो दाखला आहे. मुंबईत हीटर कोणास हवा होता! आणि मूळचे झाकण हरवल्यावर गोणपाट का आले, याचेही उत्तर आपल्याच इतिहासात सापडते. १९५३ साली सरकारने ठरविले की, ज्यांस येथे खरोखर मोटारी बनवावयाच्या आहेत त्यांनीच राहावे. मुंबईत १९२८ पासून गाड्या जुळविणाऱ्या जनरल मोटर्सने आपला गाशा गुंडाळला. कुर्ल्यास वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीतून फियाट बाहेर पडू लागल्या. विदेशी गाडीचा सुटा भाग मात्र दुर्मिळ झाला, आणि जेथे चार आण्यांचे झाकण मिळेना तेथे गोणपाट व डांबर आले. त्या अज्ञात मालकास आम्ही हसणार नाही.

तथापि ते काढून टाकणे अवश्य होते. एंजिनाकडची हवा त्या फटींतून बैठकीत शिरते. वैशाखात तिने पाय भाजतात हे एक; पण तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड आला तर प्रकरण जिवावर बेतते. या वायूस रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूहून दोनशे पटींपेक्षा अधिक जोराने चिकटतो. उघड्या गाडीस भय कसले, असे कोणी म्हणेल. परंतु मानेसरच्या धुक्यात टप चढविल्याशिवाय कोण गाडी हाकतो?

मग वेल्डिंग का नको? येथे २०२१ चा नियम आड येतो, आणि वाचकांतील सरकारी मंडळींस तो रुचेल. पन्नास वर्षांवरील गाडीस 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंदणी मिळू लागली, तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे आली. अट ही की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चॅसिस, बॉडी वा एंजिन यांत फेरफार झालेला नसावा. राजधानीच्या परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली कायम केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या अक्षरांचे मोल कळते. स्क्रूने बसविलेले झाकण ही खुद्द कारखान्याची रीत. वेल्डिंग ही आमची रीत ठरली असती, आणि त्यावर एखाद्या चोख अधिकाऱ्याने प्रतिकूल शेरा मारला असता तर त्यास दोष कसा द्यावा? शिवाय उद्याच्या मालकास हीटर हवा झाला, तर त्याने पत्रा कापीत बसावे काय?

मिस्त्री कुरकुरला, पण कामास लागला. डांबर खरवडून काढण्यातच एक दिवस गेला. मग पुठ्ठ्याचा नमुना कापून त्याबरहुकूम पत्रा घडविला, रंगविला, खाली रबराची पट्टी घातली आणि मूळच्याच भोकांतून स्क्रू आवळले. एंजिनाच्या माथ्यावर हीटरच्या पाण्यासाठी ठेवलेली वाट होती, तीही गॅस्केट घालून झाकणाने बंद केली. काचेवर वारा सोडणाऱ्या दोन फटी आतून रबराच्या गुड्यांनी मिटविल्या.

रात्री परीक्षा घेतली. बॉनेटखाली दिवा ठेवला, टपावर सतरंजी पसरली आणि स्नेही आत जाऊन अंधारात बसले. प्रकाश जेथून येईल तेथून वायूही येणार. झाकणाच्या कडा काळ्याकुट्ट होत्या. पण क्लचच्या दांड्यापाशी चांदणीएवढा उजेड दिसत होता. आतून स्नेह्यांनी हाक दिली, आणि मिस्त्री पुन्हा रबर कापावयास बसला.