वाचन : पडद्यावरील आणि कागदावरील

एकच मजकूर छापील पानावर आणि संगणक, मोबाइल किंवा किंडलच्या पडद्यावर वाचल्यास आकलन, स्मरण व विचार यांत पडणारा फरक. शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र या दोन्हींत त्याचा अभ्यास होतो.

नॉर्वेतील स्टाव्हांगर विद्यापीठाच्या आन मांगेन यांनी २०१३ साली दहावीच्या ७२ विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात छापील प्रत वाचणारे पीडीएफ वाचणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. त्यांचा २०१९ चा प्रयोग अधिक बोलका आहे. ५० वाचकांपैकी निम्म्यांनी २८ पानांची रहस्यकथा पुस्तकात वाचली, निम्म्यांनी किंडलवर. बहुतेक प्रश्नांत दोन्ही गट बरोबरीचे ठरले. मात्र कथेतील १४ घटना क्रमाने लावताना किंडलवाले मागे पडले. पुस्तक वाचताना डावीकडची पाने वाढत जातात, उजवीकडची सरत जातात. कथा कुठवर आली हे हातालाही कळत असते. किंडलची जाडी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तीच राहते. मांगेन यांनी कारण सुचवले ते हेच.

याहून महत्त्वाचा निष्कर्ष इस्रायलच्या राकेफेत अकरमन आणि मॉरिस गोल्डस्मिथ यांचा (२०११). वेळ ठरवून दिला तेव्हा दोन्ही माध्यमांत गुण सारखे आले. किती वेळ वाचायचे हे वाचकावर सोडले, तेव्हा पडद्यावर वाचणारे कमी पडले आणि आपल्याला किती येते याचा त्यांचा अंदाजही फुगलेला निघाला. म्हणजे खोट डोळ्यांत किंवा अक्षरांत नाही. ‘समजले, पुढे जाऊ’ हा निर्णय पडद्यावर फार लवकर घेतला जातो.

२०१८ साली देलगादो, वर्गास, अकरमन व साल्मेरोन यांनी ५४ अभ्यासांचे, एकूण १,७१,०५५ वाचकांचे निष्कर्ष एकत्र तपासले. माहितीपर मजकुरात कागद सरस ठरला. कथेत फरक आढळला नाही. घाईने वाचावे लागते तेव्हा कागदाची आघाडी जास्त दिसली. वेळेबाबतचा हा निष्कर्ष अकरमन यांच्या प्रयोगाशी जुळत नाही. फरक लहान असला, तरी २००० ते २०१७ या काळात तो वाढत गेला. पडद्यासोबत वाढलेली पिढी आपोआप सरावेल, ही आशा त्यामुळे टिकत नाही.

स्वीडनने २०२३ मध्ये शाळांतील छापील पाठ्यपुस्तकांसाठी खास निधी दिला. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात आणि कोविडकाळात ती असंख्य मुलांच्या उपयोगी पडली. तरीही छापील पुस्तक हाताशी असेल, तर विज्ञान-इतिहासाचा धडा मुलांना त्यातूनच वाचू द्यावा.