कित्ता की धडा?

अजिंठ्याची चित्रे पाहून परतणाऱ्या चित्रकारांचे मला नेहमी कुतूहल वाटते. एवढे पाहिल्यावर माणूस करतो काय? इतिहास चाळला तर तीन तऱ्हा दिसतात.

पहिली तऱ्हा नकलेची. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने तिथे वर्षानुवर्षे राहून भिंतींवरच्या चित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा तेच काम तेरा वर्षे केले. त्यातल्याही बऱ्याच प्रती १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. दैव पाहा! दीड हजार वर्षे भिंत टिकली, नकला वीस-पंचवीस वर्षेही टिकल्या नाहीत. पण या मंडळींचे कष्ट वाया गेले असे मी म्हणणार नाही. मूळ चित्रे झिजत असताना त्यांची नोंद ठेवणे हे मोठेच काम होते.

दुसरी तऱ्हा अनुकरणाची. १९०९ ते १९११ च्या दरम्यान लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार अशी बंगालची तरुण मुले प्रतिकृती करायला अजिंठ्याला आली होती. पुढे देशभर अजिंठ्याच्या वळणाची चित्रे निघू लागली. अर्धोन्मीलित डोळे, नाजूक बोटे, लवलेली कंबर. नंदलालबाबू स्वतः मोठे कलावंत, ते त्यापुढे कितीतरी गेले. पण मागून येणाऱ्या पुष्कळांनी केवळ ते वळण गिरवले.

तिसरी तऱ्हा शिकण्याची. तिचे उदाहरण म्हणून मला अमृता शेरगिल आठवते.

अमृताचा जन्म १९१३ चा, बुडापेस्टमधला. वडील उमरावसिंग हे संस्कृत-फारसीचे व्यासंगी शीख सरदार, आई हंगेरियन. सोळाव्या वर्षी ती पॅरिसला चित्रकला शिकायला गेली आणि विशीतच तिथल्या प्रतिष्ठित प्रदर्शनात सन्मान मिळवून बसली. १९३४ च्या अखेरीस ती हिंदुस्थानात परतली. हात तयार होता, डोळा तयार होता. पण पॅरिसमध्ये शिकलेली भाषा इथल्या माणसांना कशी लावायची, हा प्रश्न होता.

१९३६ च्या अखेरीस मुंबईत ताजमहाल हॉटेलात तिच्या चित्रांचे प्रदर्शन झाले. तिथेच तिचा कार्ल खंडालावाला यांच्याशी स्नेह जुळला. खंडालावाला म्हणजे मुंबईचे नामांकित वकील, पुढे नानावटी खटल्यात आरोपीच्या बाजूने उभे राहिले तेच. वकिली पोटापाण्याची, जीव मात्र जुन्या लघुचित्रांत गुंतलेला. मुंबईहून अमृता वेरूळ आणि अजिंठ्याला गेली. हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथून तिने घरी आणि खंडालावालांना जी पत्रे लिहिली, ती मुळातून वाचावीत अशी आहेत. हिंदुस्थानात आल्यापासून दुसऱ्या कुणाच्या कामातून आपण पहिल्यांदाच काही शिकलो, असा त्यांचा आशय. तेवीस वर्षांची, पॅरिसमध्ये नावाजलेली आणि बोलण्यात चांगलीच फटकळ मुलगी हे लिहिते, याला मी फार महत्त्व देतो.

आणि शिकली ती काय? पुढे ती थेट कन्याकुमारीपर्यंत दक्षिणेत हिंडली, कोचीनला मट्टनचेरीच्या राजवाड्यातली भित्तिचित्रे तिने पाहिली आणि सिमल्याला परतून १९३७ मध्ये तीन मोठी तैलचित्रे काढली. एकात नवरीचा साजशृंगार, एकात बसलेले ब्रह्मचारी, एकात बाजाराला निघालेले दक्षिणेतले खेडूत. या चित्रांत बोधिसत्त्व नाही, राजवाडा नाही, लवलेली कंबर नाही. आहेत ती साधी, सावळी, गंभीर माणसे. पण आकृती एकमेकींना बांधून घेण्याची रीत, गेरू आणि मातीच्या जातीचे मोजके रंग, अनावश्यक तपशील गाळण्याचे धैर्य आणि चेहऱ्यांवरची ती स्तब्धता पाहा. अजिंठा तिथे आहे, आणि कुठेही बोट ठेवून दाखवता येत नाही.

आम्हा मास्तरांच्या भाषेत सांगायचे तर कित्ता गिरवणे वेगळे आणि धडा समजणे वेगळे. कित्ता गिरवला की अक्षर सुधारते. पण स्वतःचे वाक्य लिहायचे तर धडाच समजावा लागतो. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या समाजात हा फरक फार थोड्यांना रुचतो. अमृताने तो उघड बोलून दाखवला आणि अनेकांचा रोष ओढवून घेतला.

पुढेही नवे चित्र काढले की त्याबद्दल ती खंडालावालांना लिही. काय साधले, काय फसले, लघुचित्रांतून आता काय घेतले, सगळे मोकळेपणाने. त्यांनी ती पत्रे जपली म्हणून आज आपल्याला तिच्या मनाची वाट कळते. तिला आलेल्या पत्रांचे नशीब मात्र तसे नव्हते. १९३८ मध्ये ती हंगेरीत असताना आईवडिलांनी तिची घरी ठेवलेली पत्रे वाचून जाळून टाकली. तिने वडिलांना लिहिले, त्याचा भाव असा की म्हातारपणी वाचायची सोय गेली. म्हातारपण तिच्या वाट्याला आलेच नाही. ५ डिसेंबर १९४१ रोजी लाहोरला ती गेली, तेव्हा वय अवघे अठ्ठावीस.

२०२३ मध्ये तिचे एक चित्र ६१.८ कोटी रुपयांना विकले गेले आणि वर्तमानपत्रांत तिचे नाव झळकले. पैशाचा आकडा लोकांच्या लक्षात राहतो. आपण महाराष्ट्रातल्या माणसांनी मात्र एवढे लक्षात ठेवावे, की त्या हाताला एक वळण आपल्या वाघूर नदीकाठच्या अंधाऱ्या लेण्यांत मिळाले. दिल्लीला गेलात तर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात तिची चित्रे अवश्य पाहा. आणि जमल्यास त्याआधी एकदा अजिंठा पाहून जा.